पार्टीचे कागद नेमके कुठं आहेत?

करसल्लागाराच्या ऑफिसात माणसाची जेवढी माहिती साठते, तेवढी कधीकधी त्याच्या घरच्यांनाही नसते. कुणी बायकोच्या नावावर किती एफडी केली, कुणी मेहुण्याकडून किती उसने घेतले, कुणाची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची लिमिट तुडुंब भरलीय आणि तरी पोरीच्या लग्नात हात आखडला नाही, सगळं बँक स्टेटमेंटात दिसतं. माझी प्रॅक्टिस सोलापुरात. बहुतेक पार्ट्या, म्हणजे माझे ग्राहक, टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या: अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखानदार, पूर्व भागातले सुताचे व्यापारी, जॉबवर्कवाले, आणि त्यांच्या ओळखीनं आलेले डॉक्टर, मास्तर. पूर्वी या लोकांच्या फायली लोखंडी कपाटात असायच्या. मग स्कॅनर आला, मग मेल आला, मग क्लाउड ड्राइव्ह. कपाट रिकामं होत गेलं आणि फायली एका बड्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसल्या. बैठक घेऊन कुणी ठरवलं नव्हतं. सोयीचं होतं, स्वस्त होतं, होत गेलं.

गेल्या सीझनच्या आधी एक जुने कारखानदार ताळेबंदावर सह्या करायला आले होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी, कामगारांशी वेळप्रसंगी कन्नडही. सूत उधार देण्याआधी समोरच्याच्या तीन पिढ्यांची चौकशी करणारा माणूस. सही करता करता म्हणाले, "मॅडम, माझं आधार, पॅन, बँकेचं, समदं तुमच्याकडं हाय न्हवं?"

"आहे की."

"तुमच्याकडं म्हंजे कुठं ओ? कपाट तर मोकळं दिसतंय."

क्लाउडवर आहे म्हटलं. कुणाच्या, तर कंपनीचं नाव सांगितलं. नाव त्यांना ठाऊक होतंच, खिशातल्या फोनमध्येच होतं. "लै मोठी कंपनी हाय ती," असं म्हणून त्यांनी मान डोलावली, आणि मग सहज विचारलं, "काय झालं तर जाऊन भेटायचं कुणाला?"

याचं उत्तर मला शोधावंसं वाटलं, त्यातून पुढचा सगळा खटाटोप झाला. तो करताना जे कळलं आणि जे करावं लागलं, ते लिहून ठेवतेय. माझ्यासारखी छोटी ऑफिसं या शहरात गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्यांच्या फायली थोड्याफार फरकानं तिथंच आहेत.

कायदा आधी वाचला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलीय. मला वाटायचं, हा कायदा बड्या कंपन्यांना वेसण घालण्यासाठी आहे, आपण त्यात कुठं? वाचल्यावर चित्र उलटं निघालं. अण्णांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे मी ठरवते, म्हणून कायद्याच्या नजरेत 'डेटा फिड्युशिअरी' मी. क्लाउड कंपनी माझ्या वतीनं माहिती साठवते, म्हणून ती 'प्रोसेसर'. आणि प्रोसेसरशी करार काहीही असो, त्याच्याकडून झालेल्या हाताळणीची जबाबदारी फिड्युशिअरीचीच. वरची दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माझ्यासारखीला कुणी तेवढा लावणार नाही, पण अंग चोरायला जागाही नाही. म्हणजे क्लाउडवर विश्वास ठेवायचा की नाही, हा माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न उरलाच नाही. अण्णा माझ्यावर विसंबले होते आणि त्या कंपनीची हमी, त्यांना न विचारता, मी घेऊन बसले होते.

मग कंपनीच्या अटी. पूर्ण वाचल्या, एक रविवार गेला. त्यात भीतीदायक असं फारसं नाही, हे आधी सांगते. मजकुराची मालकी तुमचीच, सेवा चालवण्यापुरती आम्हाला परवानगी द्या, असं सरळ लिहिलेलं होतं. खटकलं ते नुकसानीचं कलम. माहिती गेली, खातं बंद पडलं, तर कंपनीची देणेदारी जेवढी आखडता येईल तेवढी आखडलेली. इथं मला बँकेचा लॉकर आठवला. वर्षानुवर्षं बँका म्हणायच्या की आत काय ठेवलंय आम्हाला माहीत नाही, सबब जबाबदारी नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कान पिळले आणि रिझर्व्ह बँकेनं नियम केले: आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात लॉकरधारकाचं नुकसान झालं तर बँकेची देणेदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. ते पुरेसं आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण आकडा तरी आहे, आणि भांडायला शाखा आहे. शिवाय लॉकरची एक किल्ली आपल्याकडं असते. क्लाउडवर ती नव्हती, हे मला भाच्यानं समजावलं.

भाचा पुण्यात आयटीत आहे. सोलापूरची निम्मी पोरं तिकडंच असतात, शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये ओळखीची माणसं भेटतात. मी त्याला विचारलं, कंपनी आपल्या फायली वाचते का रे? तो म्हणाला, "मावशी, वाचते का हे सोड. वाचता येतं का ते बघ." आणि माझ्या ड्राइव्हच्या शोधपट्टीत त्यानं एका पार्टीचा पॅन नंबर टाइप केला. फाइलचं नाव होतं 'आयएमजी' आणि पुढं आकडे. फोटो टेबलावर ठेवून काढलेल्या कार्डाचा, थोडा तिरका, कोपऱ्यात चहाच्या कपाची कड. तरी पहिल्याच निकालात तोच. ही सोय आम्ही रोज वापरत होतो आणि खूषही होतो. पण फोटोतली अक्षरं शोधून देता येतात, याचा अर्थ कंपनीच्या यंत्राला ती लखलखीत दिसतात.

फायली सर्व्हरवर कुलूपबंदच असतात, हे खरं आहे. कुणी डेटा सेंटरमधून डिस्क उचलून नेली तर त्याला काही मिळणार नाही. पण साध्या सोयीत त्या कुलपाची किल्लीही कंपनीचीच असते. त्यामुळं बाहेरच्या चोरापासून रक्षण उत्तम, माझ्या ऑफिसातल्या कपाटापेक्षा कैक पटींनी उत्तम. कंपनीनं स्वतःचं धोरण बदललं किंवा तिच्यावर सरकारी हुकूम आला, तर मात्र मधे अडसर नाही. सर्व्हर मुंबईत असला म्हणून निश्चिंत व्हावं असंही नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीच्या ताब्यातली माहिती जगात कुठंही ठेवलेली असो, तिथली यंत्रणा रीतसर आदेश काढून ती मागू शकते. आमच्या अण्णांच्या टॉवेलच्या बिलांत वॉशिंग्टनला रस नसणार, हे मान्य.

मला जास्त काळजी वाटली ती दार बंद होण्याची. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं निर्बंध घातल्यावर मायक्रोसॉफ्टनं नायारा एनर्जीच्या सेवा थांबवल्या होत्या. वाडीनारची एवढी मोठी रिफायनरी चालवणारी कंपनी, पैसे भरलेले, आणि स्वतःचाच मेल उघडेना. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, मग सेवा परत सुरू झाल्या. नायाराकडं वकिलांची फौज आहे. माझ्या ओळखीतल्या एका करसल्लागाराचं खातं ऐन सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटच्या गर्दीत, 'संशयास्पद हालचाल' म्हणून बंद पडलं होतं. कंपनी कुठली ते सोडा. फॉर्म भरायचा, साच्यातलं उत्तर यायचं, पुन्हा फॉर्म. खातं अखेर उघडलं, कसं ते त्याला आजही माहीत नाही. "जाऊन भेटायचं कुणाला" हा अण्णांचा प्रश्न तिथं जसाच्या तसा लागू होता.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात यादीनं केली. पार्टीचे कागद कुठंकुठं आहेत? वाटलं होतं ड्राइव्हवर आणि मेलमध्ये. बसलो तर यादी वाढतच गेली. व्हॉट्सअ‍ॅप, कारण निम्मे लोक आधार-पॅन तिथंच पाठवतात. व्हॉट्सअ‍ॅपची बॅकअप, ती आणखी एका क्लाउडवर. हिशोबाच्या सॉफ्टवेअरची बॅकअप. स्कॅनरच्या मोबाइल अ‍ॅपचं स्वतःचं साठवण. आणि ज्याचा कुणी विचारच केला नव्हता ती जागा, फोनची गॅलरी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो गॅलरीत उतरतो, गॅलरी रात्री आपोआप फोटोंच्या क्लाउडवर चढते. मी अंगठ्यानं मागं सरकवत गेले तर गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो, मागोमाग कुणाचा रद्द केलेला चेक, शेतावरच्या हुरड्याचे फोटो, मधे दोन आधार कार्डं पुढून-मागून, मग भाचीचं बारसं. सगळं एकाच ओळीत, एकाच खात्यात, आणि त्यातली माणसं चेहऱ्यावरून वेगळी करून ठेवलेली. आधार कार्डावरचा चेहरासुद्धा त्यानं 'व्यक्ती' म्हणून नोंदवला होता.

आणखी एक गंमत आमच्या धंद्यातली. प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरून उतरवलेली एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांची कुंडली, पासवर्डनं बंद असते. पासवर्ड काय, तर लहान लिपीतला पॅन आणि त्यापुढं जन्मतारीख. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. आणि ही फाइल ज्या फोल्डरमध्ये असते त्याच फोल्डरमध्ये पॅन कार्डाचा फोटो असतो, ज्यावर नाव, नंबर, जन्मतारीख तिन्ही छापलेलं. तमाम करसल्लागारांच्या ड्राइव्हवर हीच तऱ्हा असणार. ज्यानं कुणी हा पासवर्ड ठरवला त्याला नमस्कार.

यादीनंतर सगळं खाली उतरवून घेतलं. बड्या कंपन्यांकडं आपली माहिती एकगठ्ठा परत मागायची सोय असते, गूगलचं टेकआउट तर २०११ पासून आहे. मागणी नोंदवायची, काही वेळानं मेल येतो, झिप फायली तयार असतात, आणि लिंक आठवडाभर चालते. टेकआउटमध्ये तुकडे ५० जीबीपर्यंतचे निवडता येतात. मोठे तुकडे मागवायचा मोह होतो, मागवू नका. इथं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसलेला, दुपारी लाइट गेली की राउटर बंद, आणि ४० जीबी उतरून झालेला तुकडा पुन्हा पहिल्यापासून. छोटे तुकडे मागवून रात्री लावून ठेवले तेव्हा काम मार्गी लागलं. उतरवताना हार्ड डिस्क इतकी तापायची की हात लावून बघायची सवय लागली. शेवटी टेबलफॅनचं तोंड माणसांकडून डिस्ककडं वळवलं, यावरून ऑफिसात दोन दिवस कुरकुर झाली.

ही सोयही निर्धोक असतेच असं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये काही दिवस टेकआउट वापरणाऱ्या काहींचे खासगी व्हिडिओ भलत्याच लोकांच्या झिपमध्ये गेले होते, आणि गूगलनं नंतर तसं कळवलं होतं. म्हणून झिप उघडल्यावर आपलंच सगळं आलंय का, परकं काही नाही ना, हे बघून घेतलं. परकं नव्हतं. फोटोंच्या तारखा वेगळ्या छोट्या फायलींत आल्या, ऑनलाइन शीट एक्सेल होऊन आल्या आणि काही सूत्रं मोडली. ते निस्तरण्यात वेळ गेला, सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पुढचं, पुसणं. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला आणि माझ्या मते खरा फायदा यातच झाला. माहिती कुठं ठेवावी यावर आपण तासभर बोलतो, ठेवावी का हे विचारतच नाही. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, प्राप्तिकराचीही मुदत आहे, चालू वाद असेल तर तो संपेपर्यंत ठेवायचं. पण त्यापलीकडं? आमच्याकडं धंदा बंद करून हैदराबादला गेलेल्यांची स्टेटमेंटं होती. वारलेल्या माणसांची आधार कार्डं होती. एका पार्टीनं पोराच्या शाळाप्रवेशासाठी 'मॅडम, तेवढं प्रिंट काढून द्या' म्हणून पाठवलेला जन्मदाखला होता, तो पोरगा आता इंजिनिअर झालाय. एकेका पार्टीची फाइल काढून, हिला विचार, त्याला फोन कर, असं करत पुसत गेलो. असिस्टंट पोरगी प्रत्येक फायलीला म्हणायची, "मॅडम, राहू दे ना, जागा आहे की." तीच तर अडचण. कपाटात जागा संपायची म्हणून दिवाळीच्या आधी जुनं रद्दीत जायचं. क्लाउडवर जागा संपली की महिन्याला थोडे जास्त पैसे भरून ती वाढते, त्यामुळं काहीच कधी जात नाही.

नव्यानं घेण्यातही हात आखडला. जिथं आधारची प्रत लागतेच तिथं मास्क्ड आधार मागतो, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बऱ्याच कामांना प्रत लागतच नाही असंही लक्षात आलं, केवळ पद्धत म्हणून घेत होतो.

उरलेल्याचं काय? भाच्याचं पहिलं मत होतं, सगळं ऑफिसातच ठेव, स्वतःचा छोटा सर्व्हर बसव. माझं मन तयार होईना. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्या दुःखापुढं कागदांची गोष्ट काढू नये, पण त्यानंतर एकाच इमारतीत सगळं ठेवा असं सोलापुरात मला कुणी सांगू नये. त्याच वर्षी सप्टेंबरात दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी नोकर आपली कामं ज्या ड्राइव्हवर ठेवायचे तिथली ८५८ टेराबाइट माहिती जळाली आणि दुसरीकडं प्रत नव्हती. कोरियासारख्या देशाच्या सरकारची ही गत, तर माझ्या जिन्याखालच्या खोलीचं काय घेऊन बसलात? उलट बाजूचं उदाहरणही आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं क्लाउडवरची यंत्रणाच गूगलकडच्या एका चुकीच्या सेटिंगमुळं पुसली गेली होती. सहा लाखांवर सभासद. निधी सावरला, त्यात दुसऱ्याच कंपनीकडं ठेवलेली बॅकअपही कामी आली.

हे वाचून माझा निर्णय झाला. बडी कंपनी माल सांभाळायला माझ्यापेक्षा चांगली आहे, तेव्हा तिला सांभाळू दे. फक्त आत काय आहे ते तिला दिसायचं कारण नाही, आणि ती एकटीच सांभाळणारी असायचं कारण नाही.

त्यासाठी क्रिप्टोमेटर हे सॉफ्टवेअर घेतलं. संगणकावर फुकट आहे, त्याचा मूळ कोड कुणालाही बघता येतो. आपल्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ते एक तिजोरी तयार करतं. तिजोरी पासवर्डनं उघडली की फायली नेहमीसारख्या दिसतात, पण क्लाउडवर जाताना प्रत्येक फाइल आणि तिचं नावसुद्धा गूढ होऊन जातं. पहिल्यांदा ब्राउझरमधून बघितलं तेव्हा ज्या फोल्डरवर पार्टीचं नाव असायचं तिथं अर्थहीन अक्षरांची रांग होती. शोधपट्टीत तोच पॅन नंबर टाकून बघितला. काही सापडलं नाही. मला बरं वाटलं, असिस्टंटला नाही.

तिचंही बरोबर होतं. शोध गेला. फोनवरून पटकन फाइल बघणं अवघड झालं. बँकेच्या माणसाला लिंक पाठवणं बंद, आता फाइल वेगळी काढून पाठवावी लागते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पंख्याखाली चार पार्ट्या बसलेल्या असताना, हे सगळं अंगावर येतं. मग एक तोडगा काढला: चालू वर्षाचं काम एका छोट्या तिजोरीत, जी दिवसभर उघडी असते, आणि मागच्या वर्षांचं दुसऱ्या तिजोरीत, जी लागेल तेव्हाच उघडायची. फायलींना नावं देण्याची शिस्त लावावी लागली. पार्टीचा क्रमांक, वर्ष, कागदाचा प्रकार. ही शिस्त कपाटाच्या काळात होती, शोधपट्टीनं ती मोडली होती.

दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिची जोडीदार डिस्क जुळे सोलापूर भागात माझ्या घरी. दर शनिवारी अदलाबदल. डिस्कला कुलूप लावायला विंडोजचं बिटलॉकर वापरलं. तिथं एक पायरी येते, ४८ आकडी रिकव्हरी की कुठं ठेवायची? पहिलाच पर्याय, तुमच्या ऑनलाइन खात्यात ठेवा. म्हणजे क्लाउडपासून वाचवण्यासाठी कुलूप लावायचं आणि किल्ली क्लाउडवर टांगायची. प्रिंटचा पर्याय निवडला. क्रिप्टोमेटरची रिकव्हरी की आणखी मजेशीर, ४४ इंग्रजी शब्दांची. ते मी हातानं लिहून काढले, शाळेत शिक्षा म्हणून लिहितात तसे, आणि असिस्टंटनं एकेक वाचून ताडून बघितले. पासवर्ड विसरला आणि हा कागद हरवला तर फायली कुणालाच उघडता येणार नाहीत, कंपनीलाही नाही. ही या व्यवस्थेची किंमत आहे आणि ती आधी सांगितली पाहिजे. ज्याला 'फरगॉट पासवर्ड' दाबायची सवय आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

माझ्या काही पार्ट्या प्रायव्हेट लिमिटेड आहेत. त्यांच्या हिशोबपुस्तकांची बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असली पाहिजे, असा नियम २०२२ पासून आहे. त्यांच्यासाठी कंपनीकडून सर्व्हर कुठं आहे हे लेखी घ्यायला गेले, तर साध्या खात्यावर प्रदेश निवडायची सोयच नव्हती. त्यांची पुस्तकं वेगळ्या सेवेवर हलवली, जिथं 'मुंबई' असं निवडून ठेवता येतं. महाग पडतं. खर्च त्या पार्ट्यांवर टाकला, एकानं खळखळ केली, बाकीच्यांनी दिला.

मग सगळ्या पार्ट्यांना एक पत्र केलं. एक पान, साध्या मराठीत: तुमचे कोणते कागद आमच्याकडं आहेत, कुठं ठेवलेत, किती वर्षं ठेवणार, नको असतील तर काय करायचं. ठरावीक इंग्रजी मसुदा चिकटवायचा मोह टाळला. बहुतेकांनी न वाचता सही केली. दोघांनी जुने कागद पुसायला सांगितलं. एका डॉक्टरांनी उलटतपासणी घेतली आणि स्वतःच्या दवाखान्यातल्या पेशंटच्या रिपोर्टांचं काय, या विचारानं गप्प झाले.

अण्णांनी पत्र चष्मा काढून, जवळ धरून, पूर्ण वाचलं. किल्लीच्या ओळीवर थांबले. "ही किल्ली तुमच्याकडंच?"

"हो."

"तुम्हालाच काय झालं तर? वाईट बोलत न्हाई ओ, पण इचारतो."

विचारायलाच हवं होतं. नव्या कायद्यात माणसाला आपल्या पश्चात आपले हक्क कुणी बजावावेत हे नेमता येतं, म्हणजे अण्णांच्या बाजूची सोय आहे. माझ्या बाजूची मला करायची होती. आता ४४ शब्दांचा कागद आणि ४८ आकडे दोन वेगळ्या पाकिटांत आहेत. एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरं ज्या सहव्यावसायिकाकडं माझी प्रॅक्टिस सोपवावी लागेल त्यांच्याकडं. त्यांचं पाकीट माझ्याकडं. भाच्याच्या आग्रहानं एकदा सराव केला: दुसऱ्याच संगणकावर, माझी मदत न घेता, असिस्टंटनं पाकीट फोडून एका पार्टीचा मागच्या वर्षीचा ताळेबंद काढून दाखवायचा. पहिल्या खेपेला उघडलं नाही, एका शब्दातलं माझं अक्षर तिनं वेगळं वाचलं होतं. कागद ठळक अक्षरात पुन्हा लिहिला, पाकीट पुन्हा बंद केलं.

व्हॉट्सअ‍ॅपचं काम अजून अर्धवट आहे. बॅकअपला एंड-टु-एंड कुलूप, म्हणजे ज्याची किल्ली आपल्याकडंच राहते असं, लावलं, ती सोय २०२१ पासून आहे. ऑफिसच्या फोनवर फोटो आपोआप गॅलरीत उतरणं बंद केलं. पण पार्ट्या पाठवायच्या थांबत नाहीत. मी फाइल तिजोरीत टाकून चॅटमधून पुसते, त्यांच्या फोनवर ती राहतेच, आणि त्यांच्या फोनची गॅलरी कुठं चढते यावर माझा काही इलाज नाही. सध्या ऑफिसच्या दारावर पाटी लावलीय: आधार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, प्रत घेऊन यावी. सोलापूरच्या उन्हात एका झेरॉक्ससाठी एमआयडीसीतून इथवर कोण येणार, हेही मला कळतं. हिशोबाच्या सॉफ्टवेअरवाला क्लाउड आवृत्ती घ्या म्हणून मागं लागलाय. त्याला तीन प्रश्न लिहून पाठवलेत: सर्व्हर कुठं, किल्ली कुणाकडं, आणि सोडून जायचं म्हटलं तर सगळं परत कशा स्वरूपात देणार. पहिल्याचं उत्तर आलंय.